लंकामावशीची सात अक्षरं

मी चंदर पेंटर. पेंटर आता नावापुरताच. वीस वर्षं नाशिकातल्या दुकानांच्या पाट्या ब्रशने रंगवल्या आणि मग ते फ्लेक्स आलं. सकाळी सांगा, दुपारी टांगा! माझ्यावर माशा मारत बसायची वेळ आली. शेवटी माझी बायको सुवर्णा म्हणाली, "अहो, आपण उठावाची अक्षरं करू. ॲक्रिलिकची कापून आणायची आणि मागे टेप, सिलिकॉन लावून बोर्डावर बसवायची." मी आधी चिडलो, कारण चिडल्याशिवाय मला कुठलीच गोष्ट पटत नाही. मग पटली.

पहिलं काम मिळालं २००४च्या एप्रिलात, मखमलाबाद रोडवर. लंकामावशीचा जन्म शेतातली फुलं बाजारात विकण्यात गेला. मुलगा कुंदन आता तिच्या नावाने रोपांचं दुकान काढत होता, 'लंकाबाई नर्सरी'. सात अक्षरं, दीड-दीड फुटांची. रंग मावशीने निवडला, शेंदरी. समोरच्या हार्डवेअरवाल्या पुंजारामशेठनी आधीच सांगून ठेवलं होतं, "उन्हात टिकली तर माझी चौदा अक्षरं तुमचीच. नाय तर आपलं फ्लेक्स बरं." त्या चौदा अक्षरांवर आमचा धंदा तरणार की बुडणार ते ठरणार होतं.

आदल्या संध्याकाळी अक्षरं नर्सरीत नेऊन ठेवली. सुवर्णाने त्यांची मागची बाजू स्पिरिटने लख्ख पुसली. मावशी कौतुकाने एका अक्षरावरून हात फिरवायला गेली, तर मी खेकसलो, "मावशी, अक्षराच्या तोंडाला हात लावू नका! डाग पडतील." तिने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

सकाळी बोर्डावर कागदाचा नमुना लावला, दोरी ताणून ओळ सरळ केली आणि नऊ वाजेपर्यंत सातही अक्षरं बसवली. मुहूर्त अकराचा. दहाला ऊन बोर्डावर आलं. पेढे वाटायच्या आधीच 'री' हळूच घसरली आणि खाली झेंडूच्या रोपांत पडली. पाठोपाठ 'ई' गेली. रस्त्यापलीकडून पुंजारामशेठ बघत होते.

माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर सुवर्णावर ओरडलो, "पुसलं होतंस की नुसता फडका फिरवला होतास?"

ती सरळ खाली वाकली. रोपांतलं अक्षर उचलून तिने मागून अंगठा घासला आणि माझ्यासमोर धरला. अंगठा शेंदरी आणि तेलकट झाला होता. ॲक्रिलिकचा रंग काही हाताला लागत नाही.

"मावशी, हे काय?" मी विचारलं.

"शेंदूर हाय," मावशी म्हणाली. "पहाटं बांधावरच्या म्हसोबाला लावला. नव्या वस्तूला बोट लावल्याबिगर कसं चालंल? तूच म्हणला, तोंडाला हात लावू नको. मंग मागून लावला. तेल लय घातलं, चांगला बसावा म्हून."

शेंदरी अक्षरावर शेंदूर दिसणार तरी कसा? कुंदन पोट धरून हसायला लागला. मला मात्र हसू येईना, कारण आता ओरडायला दुसरं कोणी उरलं नव्हतं.

सगळी अक्षरं उतरवली. देवाचा शेंदूर पुसायला माझा हात धजेना. सुवर्णाच म्हणाली, "मावशी, मी हा पुसते. तुम्ही बोर्डावर कोरडं कुंकू लावा. मी जागा दाखवते, टेप सोडून. अक्षराच्या मागे ते झाकलं जाईल, पण राहील." मावशी पदर खोचून शिडीवर चढली आणि तिने सात बोटं लावली. कुंदन मुहूर्त टळला म्हणून कुरकुरला, तर म्हणाली, "म्हसोबा काय घड्याळ बांधतो का?"

बारा वाजता पाटी पुन्हा उभी राहिली. नाशिकचं एप्रिलचं ऊन तिच्यावर आग ओकत होतं. माझी नजर 'री'वरून हटत नव्हती. पेढ्याची चवसुद्धा कळली नाही. चार वाजता पुंजारामशेठ रस्ता ओलांडून आले, शिडीवर चढले आणि 'री' धरून ओढली. मग दोन्ही हातांनी ओढली. शिडी हलली, अक्षर हललं नाही.

"चौदा पक्की," ते म्हणाले. मी लगबगीने वही काढली. ते मला ओलांडून सुवर्णाकडे गेले. "वहिनी, काम तुमच्या नावावर लिहा. यांना फक्त शिडी धरायला आणा."

खेकसायला माझं तोंड उघडलं होतं. मावशी, कुंदन, सगळेच माझ्याकडे बघत होते. ओरडलो सगळ्यांसमोर होतो, तेव्हा बोललोही सगळ्यांसमोरच.

"सुवर्णा, चुकलं माझं," मी म्हणालो. "धरतो शिडी."