लाडकीआजीचं पोलकं

घट बसले की सुनिताच्या मशीनला दिवाळीपर्यंत उसंत नसे. जव्हारच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत, घराच्या पडवीतच तिचं मशीन होतं. पोलकी, पंजाबी ड्रेस, पोरींचे घागरे, कुणाच्या नातवाचा कुर्ता. मशीन थांबलं की मांडीवर कशिद्याची रिंग यायची. तिच्या हातचा कशिदा मोखाड्यापर्यंत माहीत होता, आणि मोखाड्याच्या बाया "आम्हाला घाई नाही" म्हणत म्हणत सगळं धनतेरसच्या आत मागायच्या.

यंदा तिच्या नवऱ्याने, देवानंदने, मात्र ऐकलं नाही. तो जव्हार-मोखाडा लाइनवर स्वतःची जीप चालवायचा. दसऱ्याच्या आधी एक दिवस जेवता जेवता म्हणाला, "दर दिवाळीला तू मशीनवर, मी स्टिअरिंगवर आणि पोरगी एकटी. या वर्षी रविवारी जीप लाइनला लावणार नाही. फिरायला जायचं."

"आणि माझे कपडे?"

"ते पण घे बरोबर."

तेरा वर्षांच्या रविनाने लगेच कॅलेंडरवरच्या, दिवाळीपर्यंतच्या चारही रविवारांना पेनने गोल केले. सुनिताही मग हट्टाला पेटली. पहिल्या रविवारी साखरशेतला, तिच्या माहेरी, बांधावर बसून तिने चौदा पोलक्यांना हुक लावले. समोर भात पिवळं पडत चाललेलं, नाचणीची कणसं वळलेली, आणि भाऊ हसतोय की बहीण जेवायला आली की दुकान घेऊन आली.

लाडकीआजी तिच्याकडे आली ती दसऱ्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी. जामसरची निशा, तिथली आशा कार्यकर्ती, तिला घेऊन आली होती. लाडकी निशाच्या नवऱ्याची आजी. वय सत्तर की ऐंशी, तिलाही ठाऊक नव्हतं. गुडघ्यापर्यंत कासोट्याचं लुगडं, वर अंगाला गुंडाळलेली फडकी, पोलकं नाहीच.

"ताई, आजीला पोलकं शिवायचंय," निशा म्हणाली. "पालघरला सत्कार आहे, जुन्या सुइणींचा. दिवाळी झाली की लगेच. स्टेजवर बसायचंय."

"मना नको पोलका," म्हातारी म्हणाली. "लग्नात घातला होता एकदा. तो पण उसना."

"आजी, तिथं फोटो काढतात."

"काढू दे. मी काय पळून चालली का?"

सुनिताला हसू आलं. तिने टेप उचलली. रोज वीस अंगांची मापं घेणारी बाई ती, पण या अंगाला टेप लावताना तिचा हात अडखळला. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली होता. उजवा हात बोटभर लांब भरला. चूक झाली असेल म्हणून तिने परत मोजलं, तेवढाच. दंडावरची कातडी सुकलेली, पण आत शिरा दोरीसारख्या ताठ.

"आजी, किती बाळंतपणं केलीत?"

"मोजली नाय. पोरांना मोजू नये."

"आता करत नाही ती," निशा म्हणाली. "आता मी पोरींना दवाखान्यात नेते. एखादी आली नाही तर ओरडायला आजीच पुढे असते."

दुसऱ्या रविवारी देवानंदने जीप जामसरला घातली. डब्यात पुरणपोळ्या, पिशवीत आजीचं कच्च्या टाक्यांनी जोडलेलं पोलकं. पाड्यावर पोचताच देवानंद सरळ जाऊन म्हातारीच्या पाया पडला.

"ओळखलं का आजी? सोम्याचा पोरगा."

लाडकीने त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. त्याच्या पायांकडे पाहिलं. "डावा आधी आला होता तुझा," ती म्हणाली.

सुनिता बघतच राहिली. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, पण नवरा पायाळू आहे आणि तो या बाईच्या हातात जन्मला, हे तिला आज कळत होतं.

"एक पाय बाहेर, एक आत," सुनिता पोलकं अंगात चढवत होती तोवर लाडकी सांगू लागली. "ह्याची आय दमून गेली. सकाळची दुपार झाली. मग मी असा हात घातला, असा वळवला..." सांगता सांगता तिने दोन्ही हात उचलून वळवले, आणि अंगावरच्या नव्या पोलक्याचे बगलेतले टाके तडतड तुटले.

"बघ. अडकतो."

"आजी, स्टेजवर तर नुसतं बसायचंय," सुनिता म्हणाली. तिच्या डोळ्यांपुढे घरी पडलेला ढीग होता.

"मग हात काय घरी ठेवून जाऊ?"

सुनिताने पोलकं परत घेतलं, आणि सोमवारी सगळं बाजूला ठेवून मुंढाच, बाही जोडतात तिथला घेरच, उसवला. पूर्वी म्हाताऱ्यांच्या बंड्यांना बगलेत एक चौकोनी तुकडा जोडलेला असायचा, हात वर गेला तरी कापड ओढू नये म्हणून. चौबगला म्हणायचे त्याला. तिने तो कधी शिवला नव्हता. तीन वेळा चुकला, चौथ्यांदा बसला.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मोखाड्याला जायचं ठरलं. सुनिताला तिथल्या गिऱ्हाइकांचे कपडे पोचवायचे होते, रविनाला बाजार करायचा होता. लाडकीआजीची लेक मोखाड्याच्या पुढच्या पाड्यात दिलेली, तिच्याकडे नवा भात खायला म्हातारीला जायचं होतं, म्हणून निशाने तिला सकाळीच आणून सोडलं. सुनिताने पोलकं अंगात घालून पाहिलं. लाडकीने हात वर केले, मागे नेले, वळवले.

"काढू का आजी? हुक पक्के करायचेत."

"राहू दे. सवय होईल."

तशीच ती जीपमध्ये बसली. शेजारी सुनिता, पायाशी कपड्यांचं गाठोडं, पुढे रविना आणि देवानंद. ऑक्टोबरचं ऊन, कडेला वाळत चाललेलं गवत, वळणावळणाचा रस्ता. अर्ध्या वाटेवर एक तरुण दोन्ही हात हलवत रस्त्याच्या मधोमध आला. मागे मैलाच्या दगडाला टेकून एक पोटुशी पोरगी बसली होती आणि एक बाई तिची पाठ चोळत होती.

तुळशीदास त्याचं नाव. पोरगी त्याची बायको प्रतिक्षा, आणि बाई त्याची आई जानी. कापणीच्या मजुरीला आले होते. दिवस भरायला पंधरवडा बाकी होता, पण सकाळी शेतातच कळा सुरू झाल्या. अॅम्ब्युलन्सला फोन केला होता, ती पलीकडच्या बाजूने निघाली होती.

"बसा, बसा," देवानंद म्हणाला. "अॅम्ब्युलन्सला वाटेत फोनवर सांगू. जितकं जवळ जाऊ तितकं बरं."

दोन वळणं गेली असतील. प्रतिक्षाने सुनिताचा दंड असा आवळला की सुनिताच ओरडली. लाडकीने पोरीच्या पोटावर हात ठेवला आणि डोळे मिटले.

"देवानंद, थांबव."

"आजी, वीस मिनिटांत दवाखाना..."

"तिला वीस मिनिटं नायत. थांबव."

झाडाखाली जीप थांबली. लाडकीने पुरुषांना पुढे वळणापर्यंत पिटाळलं. रविना ओढणी दोन्ही हातांनी ताणून, रस्त्याकडे तोंड करून मागच्या दाराशी उभी राहिली. पिण्याच्या पाण्याच्या कॅनमधून लाडकीने कोपरापर्यंत हात धुतले, परत धुतले.

"कापड काढ," ती सुनिताला म्हणाली. "कोरं. मऊ."

गाठोड्यात वरच मोखाड्याच्या जयश्री मॅडमचा ड्रेस होता. पांढरं सुती कापड, गळ्याभोवती आठ दिवस खपून काढलेला कशिदा. त्याखाली सगळं जरीचं, टोचणारं. सुनिताने क्षणभरही विचार केला नाही, असं पुढे ती सांगायची. खरं म्हणजे एक क्षण केला होता. मग तिने तो उलटा करून मांडीवर पसरला.

त्यानंतरचं तिला सलग आठवत नाही. जानी सुनेचं डोकं मांडीवर घेऊन पुटपुटत होती. लाडकी बोलत होती, पण हुकूम दिल्यासारखं नाही. एखाद्या लाजऱ्या पाहुणीला दारात उभं राहून "ये, ये" म्हणावं तशी. तिचे हात घाईत नव्हते. ते वर जात, वळत, थांबत. आणि थांबत तेव्हाच जास्त काहीतरी करतायत असं वाटे. जीपच्या त्या अरुंद बाकांमध्ये एवढी जागा कुठून आली होती कोण जाणे.

मग डोकं आलं. मागोमाग सगळी पोर आली, निळी, मुकी, गळ्याभोवती नाळेचा वेढा. लाडकीने एक बोट आत सरकवून वेढा सोडवला, जणू एखाद्या पोराच्या गळ्यातली गुंतलेली माळ काढावी. तोंड पुसलं, पाठ चोळली. एकदा, दोनदा. कुठेतरी लांब पाखरू बोलत होतं, तेवढाच आवाज.

आणि पोर रडली.

दाराशी रविना ओढणीसकट गर्रकन वळली. वळणापलीकडून तुळशीदासची हाक आली. लाडकीने पोरीला आईच्या छातीवर ठेवलं आणि सुनिताने वरून तो ड्रेस पांघरला. मग काहीतरी करायला हवं म्हणून तिने पिशवीतली कात्री काढली.

"आजी, नाळ..."

"ठेव ती कात्री. दवाखान्यात कापतील. अजून देतेय ती."

"काय देतेय?"

"बोट लाव इथं."

सुनिताने बोट लावलं. नाळ ओली होती, जाड होती आणि ठोके देत होती. धड आईची नाही, धड लेकराची नाही, दोघींच्या मध्ये, या जीपच्या मळक्या बाकावर, आपल्या चालीने. सुनिताने नीट पाहिलं. पीळ होता तिला. पदरावर पदर वळलेला, सारखा, कुठे सैल नाही, कुठे गाठ नाही. वीस वर्षं ती दोरे हाताळत होती. उजेडाला धरून, डोळे ताणून, चष्मा लावून. हा पीळ मात्र कुणी न बघता, अंधारात, नऊ महिने वळला गेला होता. हळूहळू ठोके मंदावले, पण तिला बोट काढवेना.

"आता चल," लाडकी म्हणाली. "देवानंदला सावकाश चालव म्हणावं."

समोरून येणारी अॅम्ब्युलन्स त्यांना मोखाड्याच्या अलीकडेच भेटली. नर्सने आईला आणि लेकराला जोडलेलंच उचलून घेतलं. "नाळ कापली नाहीत ते फार बरं केलंत," ती म्हणाली आणि मग लाडकीकडे पाहून थांबली. म्हातारीच्या पोलक्याच्या बाह्या कोपरापर्यंत भिजून काळ्या झाल्या होत्या. बगलेतला एकही टाका हलला नव्हता, हे सुनिताला दिसलं. एरवी तिने चारचौघींना दाखवलं असतं. आज तिला ते सांगावंसंही वाटलं नाही.

दवाखान्यातून दोघी बऱ्या असल्याचं कळल्यावरच ते निघाले. सुनिता जयश्री मॅडमचा जिना ड्रेसशिवायच चढली. मॅडमने सगळं ऐकून घेतलं, तरी चेहरा उतरला तो उतरलाच. भाऊबीजेला तोच घालायचा होता त्यांना. "दुसरा होईल का तोवर?" त्यांनी विचारलं. सुनिता हो म्हणाली. जिना उतरताना वरून आवाज आला, "मुलगी किती वजनाची आहे हो?" सुनिताला ते माहीत नव्हतं. दोघीही उगाच हसल्या.

बाजार भरला होता. पणत्या, रांगोळी, टिकल्या, उसाच्या मोळ्या, फटाक्यांसाठी हटून बसलेली पोरं. रविना आईचा हात धरून चालत होती, तेराव्या वर्षी, सगळ्यांदेखत.

"आई, मी पण अशीच आले?"

"अशीच."

"आणि हा?" तिने भजी तळणाऱ्या आडदांड माणसाकडे बोट केलं.

सुनिताने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या बाजूच्या म्हाताऱ्याकडे, बांगड्यावाल्या बाईकडे, रांगेतल्या पोलिसाकडे, जीपच्या टपावर चढणाऱ्या पोरांकडे. मापं घेताना तिने माणसं नेहमी छाती, कंबर, उंची अशी पाहिली होती. आज एवढ्या सगळ्या गर्दीतला एकेक जण कुणाच्या तरी हातात ओला, मुका पडला होता, आणि कुणीतरी श्वास रोखून वाट पाहिली होती. एवढी माणसं. आणि कुणीच त्याबद्दल काही बोलत नव्हतं, सगळी भाव करत होती. तिला गर्दीत मध्येच थांबावं लागलं.

"ताई, सरका ना," मागून कुणीतरी म्हणालं.

दुपारी ते लाडकीला घेऊन तिच्या लेकीकडे पोचले. नव्या भाताचा वास अंगणात येत होता. लाडकी ओट्यावर बसून भिजल्या पोलक्यातच वारा घेत होती. लेकीने दुसरं लुगडं, दुसरी फडकी आणून ठेवली होती, पण तिला घाई नव्हती. सुनिता तिच्यापाशी जाऊन बसली.

"आजी, भीती नाही वाटत?"

"वाटते."

"अजून? इतक्या वर्षांनी?"

"दर वेळेस." लाडकीने आपले तळवे उलटेसुलटे करून पाहिले, दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे. "आत कोण हाये, काय ठरवून आलंय, कुणाला माहीत असतं? मी फक्त दारात उभी राहते. भीती वाटायची थांबली ना, की हात लावायचा नाय. तेव्हा आपण दार सोडून आत घुसतो."

अंगणात देवानंद रविनाला काहीतरी सांगत होता आणि हवेत पाय हलवून दाखवत होता. आपल्याच जन्माची गोष्ट सांगत असावा.

"ताटं वाढलीत," आतून लेकीची हाक आली.

लाडकी उठली नाही. भिंतीला टेकून, तोंड जरा उघडं ठेवून, तिला झोप लागली होती. सुनिताने हळूच तिचे हात उचलून मांडीवर नीट ठेवले, आणि त्यांच्यावर फडकीचं टोक पांघरलं. मग आत जाऊन सांगितलं, की आजीचं ताट झाकून ठेवा, आम्ही थांबतो.