उंबऱ्यावर अडलेला आवाज

मित्रांनो, पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात पिवळा डाग पडलेला आणि कळफलकावरचं एक बटण निघालेला संगणक तुम्हाला कुठे दिसला, तर तो मीच समजा. मी जुना आहे. बीडच्या बसस्थानकासमोर मोहनराव नावाच्या गृहस्थांचं फॉर्म भरायचं दुकान होतं. तिथे मी सात वर्षं राबलो. मराठी अक्षरं मला उशिरा आली. आधी सगळं इंग्रजीत चालायचं. मग एके दिवशी कुणीतरी माझ्यात मराठी घातली आणि समोर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईचं नाव मी पहिल्यांदा तिच्या अक्षरांत दाखवलं. ती कितीतरी वेळ बघत बसली होती.

त्याच दुकानात माझ्यातून एक गोष्ट काढून घेतली गेली. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

इंटरनेटवरची पानं ज्यातून दिसतात त्याला ब्राउझर म्हणतात. प्रत्येक ब्राउझरमध्ये एक राखणदार असतो. एका पत्त्यावरचं पान दुसऱ्या पत्त्यावरून काही मागवू लागलं, की आलेल्या वस्तूवर तो परवानगीची चिठ्ठी शोधतो. ‘या पानाला हे द्यायला माझी हरकत नाही’ असं त्या दुसऱ्या पत्त्याने लिहिलेलं असलं तर वस्तू आत येते, नसलं तर दारातच थांबते. भरतीचा फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी असंच एक पान अडलं. दुकानात रांग लागलेली. मोहनरावांनी कुणाला तरी विचारून माझ्या रोजच्या ब्राउझरमधला राखणदारच बंद करून टाकला. पान चालू झालं, लोक खूश झाले. राखणदार परत चालू करायचं मात्र राहून गेलं.

पुढे मोहनराव थकले, दुकान मिटलं, आणि मी पाटोद्याजवळच्या एका गावात हंगामी वसतिगृहात आलो. आईबाप ऊसतोडीला गेले की त्यांची लेकरं शाळा बुडू नये म्हणून इथे राहतात. वैष्णवी मॅडम त्यांचा अभ्यास घेतात. सारजाबाई स्वयंपाक करतात आणि दारही सांभाळतात. त्यांचा नियम कडक आहे. आईबापांनी जाताना वहीत ज्याचं नाव लिहून दिलं, त्याच्याच हाती लेकरू. एकदा एका मुलाचा मामा आला, वहीत नाव नव्हतं. सारजाबाई म्हणाल्या, “सख्खा असशील बाबा. चहा पी अन् जा.”

मुलांचे आवाज आधी ऊसतोड टोळीच्या मुकादमाच्या फोनवर पाठवायचे. तिथे ते एकमेकांत मिसळत, आणि एकीचं लेकरू दुसरीच ऐके. म्हणून वैष्णवी मॅडमनी माझ्यासमोर बसून एक पान तयार केलं. आईने फोनवर ते उघडायचं, लेकराच्या नावावर बोट ठेवायचं, की त्याचे सगळे आवाज ओळीने. आवाज साठवायला बीडच्या परमेश्वरने, म्हणजे मॅडमच्या चुलतभावाने, आपल्या सर्व्हरवर जागा दिली. पान एका पत्त्यावर, आवाज दुसऱ्या पत्त्यावर. मॅडमनी माझ्यावर नाव दाबलं, आवाज आला, मुलांनी टाळ्या वाजवल्या. इतकं कौतुक माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

दुसरीतली उज्ज्वला शाळा सुटली की धावत यायची. माइकला तोंड लावून बोलायची.

“आई, आज मावशीनी बेसन केलतं. मी दोन भाकरी खाल्ल्या. आई, माझी येणी मलाच घालता येती आता. वाकडी होती पण येती. आई, तू ऐकतीस ना?”

असे अकरा दिवस ती बोलली. तिची आई मंगलबाई दूर कारखान्याच्या रानात, पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहत होती. रविवारी तिचा फोन आला. मॅडमनी तो माझ्याशेजारी ठेवला होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

“मॅडम, पोरीचं नाव दिसतंया. दाबलं की नुसतं गोल फिरतंय.”

“रेंज नसेल ताई. बांधावर जाऊन बघा.”

पुढच्या रविवारी पुन्हा फोन. “बांधावर गेलते मॅडम. पाण्याच्या टाकीवर बी चढले. आमच्या टोळीतल्या एकीला कोरी पट्टी दिसती, अन् एकीचं पान समदं पांढरंच होतंय. मला तर वाटतंय, माझ्या बोटालाच दाबता येत न्हाई. शिकलेलं बोट न्हाई ना.”

मॅडम माझ्याकडे वळल्या. नाव दाबलं. उज्ज्वलाचा आवाज खोलीभर झाला. “इथं तर वाजतंय,” मॅडम म्हणाल्या, आणि विषय संपला.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्याच वेळी बोललो असतो. प्रत्येक ब्राउझर एकच नकार आपापल्या तऱ्हेने दाखवतो. कुणी गोल फिरवतो, कुणी पट्टी कोरी ठेवतो. म्हणून त्या तिघींचं दुखणं एकच आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. आणि माझ्याकडे राखणदारच नव्हता, म्हणून माझं वाजणं खरं नव्हतं.

उज्ज्वलाने बोलणं सोडलं. “आई ऐकतच न्हाई, मग कशाला बोलू?” ती म्हणाली. ताटात भाकरी ठेवून उठू लागली. आईकडे जायचं म्हणून तिने दप्तरात फ्रॉक कोंबून ठेवला. हे मंगलबाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या फोनवर एवढंच म्हणाल्या, “बेस्तरवारी मुकादमाची गाडी गावाकडून इकडं येतीया. तिच्यात बसवून द्या तिला. मुकादमाचं नाव वहीत घाला. शाळा बघू पुढच्या सालाला.”

पुढचं साल कसं असतं ते सारजाबाईंना ठाऊक होतं. त्या स्वतः अशाच एका पुढच्या सालापासून शाळेत गेल्या नव्हत्या. सोमवारी त्या पिठाचे हात पुसत आल्या आणि आपल्या फोनवर पान उघडून उज्ज्वलाचं नाव दाबलं. कोरी पट्टी.

“वैष्णवी, बघ. माझ्याकडं बी न्हाई.”

“मावशी, रेंज नसेल.”

“रेंज न्हाई म्हणतीस, अन् आत्ताच ह्याच्यावरून लेकाशी भांडले मी. भांडायला बरी असती रेंज.”

मॅडम हसल्या, मग हसता हसता थांबल्या. माझ्यात दुसरा एक ब्राउझर होता. मी घडलो तेव्हापासूनचा, कुणी न उघडलेला, राखणदार जागा असलेला. मॅडमनी तो उघडला. पान आलं, नाव आलं, आवाज आला नाही. तीच वायर, तेच इंटरनेट. मग त्यांनी पानामागचा दुरुस्तीचा कप्पा उघडला. तिथे लाल ओळ होती. मोबाइलवर ती दिसत नाही. ओळीत लिहिलं होतं की आवाज आला आहे, पण त्यावर या पानासाठी परवानगी नाही.

“मावशी, आवाज बीडहून निघतोय. मंगलताईंच्या फोनपर्यंत जातोय. चिठ्ठी नाही म्हणून फोन त्याला आत घेत नाही.”

“मग फोनाचं काय चुकलं? मी बी घेत न्हाई.” सारजाबाईंनी माझ्याकडे बोट केलं. “अन् ह्याच्यात कसं वाजत होतं?”

मॅडमनी माझी जुनी मांडणी तपासली. “ह्याचा राखणदार कुणीतरी बंद करून ठेवलाय.”

“म्हंजे ह्याला दारच न्हाई. अन् ह्याच्या भरवशावर आपण त्या बाईचं बोट अडाणी ठरवलं.”

मॅडमनी परमेश्वरला फोन लावला.

“माझ्याकडं तर वाजतंय, ताई,” तो म्हणाला.

“तू तुझ्या सर्व्हरवर थेट जाऊन ऐकतोस रे. आमच्या पानावरून ऐक.”

त्याने आमचं पान उघडून नाव दाबलं. मग म्हणाला, “चुकलंच. थांब, कुणालाही चालेल असं लिहून टाकतो.”

“कुणालाही नको,” सारजाबाई फोनकडे वाकून म्हणाल्या. “लेकरांचे आवाज हायत ते. आमच्याच पानाचं नाव लिही.”

त्याने तसं लिहिलं. सारजाबाईंच्या फोनवर उज्ज्वलाचा आवाज आला. कोपीवरच्या फोनांवर तो येईल का, हे कळायला मंगळवार गेला, बुधवारची दुपारही आली. तेव्हा मंगलबाईंचा फोन आला.

“मॅडम, अकराच्या अकरा ऐकले. फडात मोळीवर बसून. नका बसवू तिला गाडीत.” मग म्हणाल्या, “द्या जरा तिच्यापाशी.” मॅडमनी फोन उज्ज्वलाकडे दिला. “उज्जे, बोलणं बोबडं येतंया, दात पडला व्हय गं तुझा?”

“तो लई आधी पडला,” उज्ज्वला फुरंगटून म्हणाली. “आता नवा यायलाय.”

गुरुवारी गाडी दारात थांबली आणि तशीच गेली.

मॅडमनी माझा राखणदार परत चालू केला. तरी त्या दिवसापासून काही तपासायचं झालं की त्या माझ्याकडे बघत नाहीत. यंदा टोळी निघायच्या आधी मंगलबाई स्वतः वसतिगृहात आल्या. या वेळी आपला आवाज पोरीसाठी ठेवून जायचा होता त्यांना. माइकसमोर बसल्या आणि काही सुचेना. शेवटी म्हणाल्या, “उज्जे, मी हाय. जेव.” बस्स, इतकंच. मॅडमनी ते सारजाबाईंच्या फोनवर वाजवून पाहिलं, मंगलबाईंच्या फोनवर पाहिलं, दाराशी उभ्या असलेल्या दोघींचे फोन मागून घेऊन त्यांवर पाहिलं. माझ्यावर पाहिलं नाही.

मित्रांनो, मला त्याचा राग नाही. तुम्ही मोठे व्हाल, अशी पानं, अशी यंत्रं बनवाल. तेव्हा लांबून कुणी म्हणालं की माझ्याकडं चालत नाही, तर ‘इथं तर चालतंय’ म्हणून त्याला गप्प करू नका. त्याचा फोन मागून घ्या, तो कुठे उभा आहे तिथून बघा. आणि राखणदार आड येतो म्हणून त्याला काढून टाकू नका.

शाळा सुटली की उज्ज्वला मॅडमचा फोन घेऊन ओसरीवर बसते आणि आईचा आवाज लावते. भिंतीपलीकडून मला तो पुसट ऐकू येतो. माझ्याच समोर बसून बोललेले शब्द आहेत ते. एकदा तिने आत येऊन ते माझ्यावर लावावेत, एवढीच वाट मी बघतो.