खेकडे पळून आले ती सकाळ

खाडीकाठच्या वस्तीत तिला सगळे पाणकावळी म्हणत. हे नाव लहानपणी तिच्या दादानेच पाडलेलं. दम धरून तळाशी जायचं, चिखलातले शिंपले पिशवीत भरायचे आणि वर आल्यावर होडीत हात पसरून अंग सुकवायचं, ही तिची रोजची रीत. होडी नवरा वल्हवायचा. "पाण्यावरचं हे बघतात, पाण्याखालचं मी," असं ती हसून सांगायची.

त्या सकाळी ती केस विंचरत होती, तोच सासूबाई धापा टाकत आल्या. खेकडे आपणहून काठाला आलेत म्हणे, बादल्या घेऊन चल. ती गेली तर सगळी वस्ती तिथं लोटलेली. गुडघाभर पाण्यात चपटे मासे एकावर एक रचल्यासारखे पडले होते. सापासारख्या वाम माशांनी तोंडं पाण्याबाहेर काढली होती. खेकडे तर नांगराच्या दोरावरून होडीत चढत होते. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं पुटपुटत सासूबाई बादली भरत होत्या.

तिनेही एक दांडगा खेकडा उचलला. त्याने नांगी उगारलीच नाही. ओल्या फडक्यासारखा तो हातात पडून राहिला. जन्मभर खेकड्यांकडून बोटं फोडून घेतलेली बाई ती; तिने बादली खाली ठेवली.

"हे आले नाहीत, पळालेत," ती नवऱ्याला म्हणाली. "होडी काढा."

शिंपल्यांच्या नेहमीच्या जागेवर तिने बुडी मारली. वरचं पाणी हिरवट, कोमट. त्याखाली एकदम गार आणि गढूळ. तळाशी हात टेकला तर चिखल काळा, त्यावर पांढरी बुरशीसारखी साय. एरवी बिळात दडून बसणारे किडे उघड्यावर लांबलचक पडले होते. शिंपले जागच्या जागी आ वासून होते, आतलं मांस सैल लोंबत होतं. एरवी तळाला काही ना काही सतत सरकत असतं, बोटांना गुदगुल्या करत असतं. आज काहीच हललं नाही. ती रिकामी पिशवी घेऊन वर आली. हातांना सडक्या अंड्यांचा वास येत होता.

नवऱ्याने काय झालं विचारलं.

"खाली कुणीच नाही," ती म्हणाली.

वस्तीला वाटलं, कुणीतरी विष कालवलं. संशयाची बोटं इकडून तिकडे फिरली. सरकारी पाणीतपासणीवाली बाई आली, तिने तारेला बांधलेलं यंत्र खोल सोडलं आणि मान हलवली. विष नव्हतं. वरच्या शेतांमधून आलेलं खत होतं. नत्राचं खत पाण्यात साखरेसारखं विरघळतं, ती समजावत गेली. पिकाला हवं तेवढं पीक खातं. उरलेलं पावसाबरोबर मातीतून झिरपतं, चरातून ओढ्यात, ओढ्यातून नदीत, नदीतून इथं. इथं त्यावर शेवाळ माजतं. ते मेलं की तळाला जाऊन कुजतं, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवून टाकतं.

ऐकता ऐकता पाणकावळीच्या पायाखालची वाळू सरकली. नदीकाठच्या उतारावर दादाचं बटाट्याचं शेत होतं.

ती तशीच माहेरी गेली. दादा बांधावरच भेटला. पानं बघ कशी काळीभोर झालीत, तो कौतुकाने म्हणाला. पावसाआधीच सगळं खत एकदम देऊन टाकलं, थोडं जास्तच. पुन्हापुन्हा कोण राबणार? तिने तळाचं सगळं सांगितलं. त्याचा चेहरा लाल झाला.

"म्हणजे मी तुझी खाडी मारली? अगं, मी खत टाकतो, विष नाही."

"तेच तर, दादा. विष असतं तर तू टाकलंच नसतंस."

वहिनी मध्ये पडली म्हणून बरं. तिनेच त्याला समजावून दुसऱ्या दिवशी खाडीवर पाठवलं. पाणकावळीने त्याच्यासमोर बुडी मारली आणि काळा चिखल, उघडे शिंपले आणून त्याच्या पायाशी ओतले. लहानपणी ह्याच खाडीत दोघं हात धरून पोहायला शिकली होती. दादाने एक शिंपला मिटायचा प्रयत्न केला. तो पुन्हा उघडला. दादा नाकावर हात न धरता तिथंच बसून राहिला, डोळे मात्र पुसत होता.

पुढच्या हंगामात त्याने आधी माती तपासून घेतली, खत निम्म्यावर आणलं, तेही थोडं थोडं, आणि चराच्या कडेने गवताचा रुंद पट्टा राखला. शेजाऱ्यांनी त्याला वेड्यात काढलं. पीक मात्र फारसं घटलं नाही. तरी उन्हाळ्यात खाडीवर हिरवी साय पुन्हा धरलीच. नदीकाठी शेती करणारा दादा काही एकटा नव्हता.

शिंपले नव्हते, म्हणून पाणकावळी मासळीच्या कारखान्यात खोकी भरायला जाऊ लागली. सुट्टीच्या दिवशी मात्र ती बुडी मारून चिखल काढी आणि तो बादलीत घेऊन दादाबरोबर नदीकाठाने वर वर जाई, एकेका शेतावर. पहिल्या घरच्या म्हाताऱ्याने तर दार उघडताच नाक दाबलं.

"ही काय घाण आणलीत?"

"तुमच्या-माझ्या शेतांतूनच खाडीत गेली होती," दादा म्हणाला. "बसायला सांगाल, तर कशी ते सांगतो."

म्हाताऱ्याने दोघांकडे, मग बादलीकडे पाहिलं, आणि अंगणातली खाट पुढे ओढली.