चादर धुतली कोणी?

"मावशी, तुमच्या बहिणीचा खून कोणी केला, ते तुम्हाला माहीत आहे का?"

प्रश्न तोंडातून सुटला आणि तोफेला वाटलं, आता धरणीनं पोटात घेतलं तर बरं! तोफ हे तिचं वर्गातलं नाव. गेल्या वर्षापर्यंत ही मुलगी हजेरीला 'हजर' म्हणतानाही लाजायची. मग वादविवाद स्पर्धेत तिनं समोरच्या शाळेचा पार धुव्वा उडवला, आणि तेव्हापासून तोंडाला कुलूप म्हणून नाही. "एवढी बोलतेस ना, मग इस्त्रीवाल्या मावशीला विचारून दाखव," अशी मैत्रिणींनी पैज लावली आणि स्वतः लाँड्रीच्या दारातल्या पडद्याआड लपून बसल्या. शूर कुठल्या!

मावशीनं इस्त्री उभी करून ठेवली. तोफेकडे नीट पाहिलं. आणि चक्क हसली.

"अठ्ठावीस वर्षांत तोंडावर विचारणारी तू पहिली गं! बाकीचे कपडे देतात आणि असं बघतात, जशी काही मीच मेलेय. ये, बस. आणि त्या दोघींना सांग, पडद्याखालून पाय दिसतायत."

पायांनी धूम ठोकली. तोफ मात्र बसली.

मावशी बोलत गेली, हात चालतच होते. एका वर्षात पाच बायका मारल्या गेल्या, सगळ्या एकाच पद्धतीनं. तिसरी मावशीची धाकटी बहीण. ती बेकरीत केक सजवायची आणि उरलेलं क्रीम बोटानं चाटून मालकाची बोलणी खायची. "ती हसायला लागली ना, की अख्खी गल्ली विचारायची, काय झालं म्हणून," मावशी म्हणाली. मारेकरी कधीच सापडला नाही.

"आणि हे बघ, आठवडाभर पडलंय. उघडायचा धीर होत नाही." तिनं घडी केलेल्या टॉवेलांखालून पोलिसांकडून आलेलं एक पाकीट काढलं. "तू वाच. माझे हात गुंतलेत."

तोफेनं वाचलं. येत्या शनिवारपर्यंत कोणी नवीन माहिती दिली नाही, तर तपास बंद होणार होता. खाली जप्त वस्तूंची यादी होती. घरच्यांना त्यातलं काही परत हवं असेल तर शनिवारी सकाळी दहाला ठाण्यात यावं, म्हणे.

"बांगड्या, दोन. चप्पल, एक. चादर पांढरी, मृतदेहावर घातलेली. कोपऱ्यात निळ्या दोऱ्यानं दुरुस्ती, तीन उभे टाके, एक आडवा..."

"परत वाच."

तोफेनं परत वाचलं. मावशी पुतळ्यासारखी उभी. एवढ्यात करपल्याचा वास आला.

"मावशी, कोट! कोट!"

दातांच्या डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटावर इस्त्रीचा सुरेख तपकिरी ठसा उमटला होता, बरोबर पाठीवर.

"जाऊ दे खड्ड्यात!" मावशी ओरडली. "अगं, ही दुरुस्ती नाही! मोजून चार टाक्यांत फाटलेलं शिवतं का कोणी? ही लाँड्रीची खूण आहे! ढिगात कपडे मिसळू नयेत म्हणून जो तो आपापले टाके घालतो. माझा लाल फुलीचा आहे, हा बघ. निळा दोरा म्हणजे पुलाजवळची जुनी लाँड्री, आणि तीन उभे, एक आडवा म्हणजे तिथलं एक ठरावीक गिऱ्हाईक. ती बंद पडली, पण तिचा म्हातारा मालक अजून ठणठणीत आहे. कुठली खूण कोणत्या घराची, ते त्याच्या वहीत असायचं. वही टाकणारा माणूसच नाही तो!"

"मग पोलिसांना कसं कळलं नाही?"

"चादर विकली कोणी, हे शोधत सगळी दुकानं पालथी घातली त्यांनी. धुतली कोणी, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. बायकांना विचारलं असतं तर! आणि मी तरी कुठली शहाणी? दरवर्षी जाऊन 'कोण?' एवढंच विचारत राहिले. 'चादरीवर काय सापडलं?' हे विचारलंच नाही कधी."

"मग चला ना, आत्ता सांगू!"

मावशीनं करपलेला कोट घडी करून बाजूला ठेवला.

"तिथं गेलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते गं. साहेब म्हणतात, 'बोला.' मी नुसती मान हलवते आणि परत येते. इतकी वर्षं हेच. यादी दाखवेन, पण ते हसले तर? 'बाई, टाक्यावरून कुठं खुनी सापडतो?' असं म्हणाले, तर मला शब्द फुटायचा नाही. आणि शनिवारी सगळं संपेल."

तोफेला हे टाळ्याला चिकटणं चांगलंच ठाऊक होतं. वर्षानुवर्षं तिनं तेच केलं होतं, तेही नुसत्या हजेरीसाठी. इथं तर बहीण होती.

घरी ताटं मांडली होती. तिनं सगळं एका दमात सांगितलं.

"नसत्या भानगडीत नाक खुपसू नकोस," आई म्हणाली.

"शनिवारी तुझा गणिताचा क्लास आहे," बाबा म्हणाले, जणू खून आणि गणित एकाच तराजूत बसतात.

"क्लास बुडणार," तोफ म्हणाली. "शनिवारी सकाळी दहाला मी मावशीबरोबर पोलीस ठाण्यात जातेय. बोलणार मी. मी विचारत नाहीये, सांगतेय. फक्त माझ्या घरचं मोठं माणूस बरोबर असलं तर साहेब लवकर ऐकतील, तेव्हा तुमच्यापैकी कोण येतंय, ते जेवण होईपर्यंत ठरवा."