लव्हाळं वाचवा

"तुझ्या त्या कासवाला अजून किती कडवी मरायचंय?" निकानोरमामाने विचारलं.

वाइल्डर उकान्यान डोळे मिटून गात होता, त्यामुळे आपल्याला ऐकू आलं नाही असं त्याला दाखवता आलं. दोमितिलाच्या खानावळीत दुपारी सात माणसं जेवत होती आणि कासव पाचव्या कडव्यात पोचलं होतं. पहिल्या कडव्यात त्याच्या नाकात प्लास्टिकची नळी गेली होती. दुसऱ्यात त्याला आई आठवली होती. तेव्हापासून ते मरत होतं, आणि गिटारीचे तेच तीन सूर त्याला धड मरूही देत नव्हते.

"नऊ," दोमितिला ओट्यामागून लिंबं पिळत म्हणाली. "मी मोजलीत. मासळी लिंबात मुरायला बरोबर तेवढाच वेळ लागतो. म्हणून तर ठेवलाय ह्याला. माझं घड्याळ बंद पडलंय."

सांता रुफिना गावात वाइल्डरचा एवढाच उपयोग होता, आणि तोही घड्याळ दुरुस्त होईपर्यंत.

एके काळी तो चॅम्पियन होता. सतराव्या वर्षी, लिमाला, लाटांवर फळी चालवण्याच्या स्पर्धेत तो अख्ख्या पेरूतून पहिला आला. अंतिम फेरीत समोरच्याला जुलाब झाले होते, पण चषकावर तसं लिहीत नाहीत. त्या चषकावर त्याने तेरा वर्षं काढली. मग गुडघा गेला. लाटेत नव्हे, बसमधून उतरताना. मग त्याने गिटार घेतली आणि प्रेमाची गाणी रचली. लोक पहिल्याच कडव्यात उठून जायचे. दोन वर्षांनी त्याला पर्यावरण सापडलं आणि सगळं जमून आलं. कासव मरत असताना उठून जायला माणसाला लाज वाटते.

गावाला मात्र त्याच्या चॅम्पियन असण्याचं कधीच कौतुक नव्हतं. इथले कोळी लव्हाळ्याच्या जुड्या बांधून होडी करतात. तिला घोडा म्हणतात, कारण तिच्यावर मांड टाकून बसायचं असतं. पहाटे घोडा घेऊन जायचं आणि दुपारी मासळीसकट लाटेवर बसून किनाऱ्याला यायचं. खापरपणजोबांच्या आधीपासून हे चाललंय. लाटेवर बसून येणं ही त्यांच्या लेखी कला नव्हती, ते घरी येणं होतं. सर्फर म्हणजे मासे न घेता घरी येणारा माणूस.

कासव अखेर मेलं. दोमितिलाने ताटं वाढली. वाइल्डर आपली थाळी घेऊन मामासमोर येऊन बसला.

"मामा, एक काम होतं."

"चॅम्पियनला काम? लिही गं दोमितिला, तारीख लिही."

"शनिवारी महोत्सव आहे. 'लव्हाळं वाचवा'. लिमाची एक सरबताची कंपनी करतेय. फियोरेला म्हणून एक बाई आल्यात, फार मोठ्या मनाच्या. बाराच्या ठोक्याला माझं गाणं. त्यांना आवडलं तर जाहिरातीत घेतील. सगळ्या देशात वाजेल."

"कासव सरबत पिऊन मरतं काय?"

वाइल्डरने भाजलेला मका तोंडात टाकून अपमान गिळला. त्याची त्याला सवय होती. "स्टेज पूर्ण लव्हाळ्याचं करायचंय. चाळीस जुड्या लागतील."

मामाने चमचा खाली ठेवला. गावातली लव्हाळ्याची तळी एकेक करून समुद्राने खाल्ली होती. उरलं होतं एकच, वाळूच्या उंचवट्यामागचं, आणि ते निकानोर पिमिनचुमोचं होतं. लव्हाळ्याचा घोडा महिना-दीड महिना पाणी पितो, मग बुडायला लागतो, मग नवा बांधायचा. मामाचा आताचा घोडा दोन महिन्यांचा झाला होता. मामा त्याच्यावर बसला की कमरेपर्यंत पाण्यात जायचा. तळ्यातलं लव्हाळं कोळ्यांच्या संताच्या, सान पेद्रोच्या सणानंतर कापणीला येणार होतं. सणाला तीन आठवडे होते.

"नाही," मामा म्हणाला. "ते लव्हाळं नाही, तो माझा घोडा आहे. अजून उभा आहे एवढंच."

"अर्धं तळं आईचं होतं."

दोमितिलाचा लिंबावरचा हात थांबला. वाइल्डरची आई जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत त्याने तिचं नाव फक्त कासवाच्या दुसऱ्या कडव्यात काढलं होतं.

"होतं," मामा म्हणाला. "अर्धं तिचं. म्हणजे तुझं. मग तुझं अर्धं काप. पण विळ्याने. मुळावर वीतभर सोडून. मूळ हललं तर तळं मेलं. आठवतंय ना? आठ वर्षांचा होतास तेव्हा सगळ्या पोरांना शिकवलं होतं."

वाइल्डरने मान डोलावली. त्याला काहीच आठवत नव्हतं, कारण तो गेलाच नव्हता. त्या दिवशी लाट चांगली होती.

फियोरेलाबाईंनी त्याच्यापुढे सहीसाठी कागद ठेवला. 'तळ्याचा अर्धा भाग' असं त्यावर लिहिलं होतं. कुठला अर्धा, ते आजोबांनी कधी सांगितलं नव्हतं. मामा आणि आई, दोघं भावंडं मिळून कापायची, मिळून बांधायची, त्यामुळे कुणी विचारलंही नव्हतं. वाइल्डरने हाताने हवेत एक रेघ ओढली. स्टेज बांधणाऱ्या ठेकेदाराने ती रेघ पाहून मान हलवली. "शुक्रवारी सकाळी सहाला तुम्ही तळ्यावर या आणि ह्यांच्या माणसाला दाखवा," बाई म्हणाल्या. वाइल्डर म्हणाला, येतो.

शुक्रवारी सकाळी लाट चांगली होती. गुडघ्यामुळे त्याला ती घेता येत नव्हती, पण बघता येत होती, आणि बघता बघता त्याला दहावं कडवं सुचलं. ते वहीत उतरवून तो साडेआठला तळ्यावर पोचला, तेव्हा खोदकामाचं एक पिवळं यंत्र काठावर उभं होतं आणि त्याचा चालक पावात अंडं घालून खात होता. समोर लव्हाळं नव्हतं. समोर चिखल होता, चिखलात मोठमोठे खड्डे होते, आणि एका खड्ड्यात एक बगळा उभा होता, चुकीच्या पत्त्यावर आल्यासारखा.

"सगळं काढलंस?" वाइल्डर ओरडला. "अर्धं सांगितलं होतं ना!"

"अर्धं कुठलं ते सांगायला कुणी नव्हतं, साहेब," चालक शांतपणे म्हणाला. "म्हणून दोन्ही अर्धी केली."

मामा समुद्रावर होता. दुपारी तो आला, ओला घोडा वाळूत टाकला आणि तसाच तळ्यावर आला. वाइल्डरने त्याच्यासाठी क्षमायाचना तयार ठेवली होती. तिच्यात 'जनजागृती' हा शब्द दोनदा येत होता. पण मामा त्याच्याकडे न बघता खड्ड्यांच्या कडेने चालत गेला, पार टोकापर्यंत, आणि परत आला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने वाइल्डरला एकही टोमणा मारला नाही. वाइल्डरला ते कसंतरीच वाटलं, जणू खिशातलं काहीतरी कुठे पडलं.

"मुळं कुठेयत?" मामाने एवढंच विचारलं.

"स्टेजवर. जुड्या मुळांसकटच लावल्यात. फियोरेलाबाई म्हणतात, मुळं असली की खरं वाटतं."

"दोन दिवसांत पाण्यात गेली तर काही जगतील. तिसऱ्या दिवशी एकही नाही. आजच सोडव."

"आज कसं मामा? उद्या बाराला माझं गाणं आहे. ठेकेदार सोमवारी स्टेज उतरवणार आहे. आपण गाणं झाल्यावर बघू ना."

मामाने टोपी काढली, तिच्यातलं पाणी झटकलं आणि परत घातली. "तुझी आई तुला न्यायला यायची," तो म्हणाला. "तू म्हणायचास, ही लाट झाल्यावर."

शनिवारी शाळेतली चाळीस मुलं कासवं होऊन आली. पाठीला पुठ्ठे बांधलेले, आणि हातात सरबताची एकेक प्लास्टिकची बाटली, नळीसकट. 'लव्हाळं वाचवा' ही अक्षरं लव्हाळ्याचीच केली होती. तीन भाषणं झाली. तिन्हींत पूर्वज आले. पूर्वजांचे जे वंशज होते त्यांना मात्र मागे दोरीपलीकडे उभं केलं होतं, कारण त्यांच्या अंगाला मासळीचा वास येत होता.

बाराला वाइल्डर स्टेजवर आला. मधोमध लव्हाळ्याची एक जुडी आडवी टाकली होती, तिच्यावर तो बसला आणि गिटार लावली. पहिल्या कडव्यात नळी नाकात गेली. दुसऱ्यात आई आठवली. तिसऱ्यात निकानोरमामा दोरीखालून वाकून आत आला.

त्याच्यामागे दोमितिला होती, मासे कापायची सुरी घेऊन, आणि तिच्यामागे चार कोळी, ज्यांतला सर्वांत तरुण एकाहत्तर वर्षांचा होता. त्यांनी एक हातगाडी आणली होती. ते स्टेजच्या मागे गेले आणि कुणाशी एक शब्द न बोलता त्यांनी जुड्या सोडायला सुरुवात केली.

पहारेकऱ्याने फियोरेलाबाईंकडे पाहिलं. बाई छातीवर हात ठेवून पाहत होत्या. त्यांना वाटलं, हे कार्यक्रमातच आहे. त्यांनी छायाचित्रकाराला खूण केली. लोकांनी बाई बघतायत म्हणून बघितलं, आणि मग ताल धरून टाळ्या वाजवायला सुरुवात केली. वाइल्डरच्या गाण्यावर आजवर कुणी टाळ्या धरल्या नव्हत्या. त्याचा आवाज जरा चढला.

पाचव्या कडव्यात मागची भिंत गेली आणि समुद्र दिसायला लागला. सहाव्यात छप्पर गेलं. सातव्यात 'लव्हाळं वाचवा'मधलं 'वाचवा' गेलं. म्हातारे जुडी खांद्यावर घ्यायचे, मुळांचा चिखल गळत असायचा, आणि जुडी गाडीवर ठेवताना मुळाकडची बाजू हाताने झाकायचे, जसं लहान मुलाचं डोकं दारातून नेताना झाकतात. आठव्या कडव्यात गाडी तळ्याकडे निघाली. तिच्यामागे चाळीस कासवं निघाली, कासवांमागे त्यांच्या आया निघाल्या, आणि नवव्यात वाइल्डरच्या समोर फक्त फियोरेलाबाई आणि रिकाम्या बाटल्या उरल्या. दहावं कडवं त्याने म्हटलं नाही. ऐकायला कुणी नव्हतं म्हणून नव्हे. तो ते विसरला.

"काय शेवट केलात!" बाई डोळे पुसत स्टेजजवळ आल्या. "निसर्ग शेवटी आपलं सगळं परत घेऊन जातो! अहो, ही कल्पना कुणाची?"

बोडक्या फळ्यांवर, आपल्या जुडीवर बसलेल्या वाइल्डरने तोंड उघडलं. गाडीबरोबर न गेलेला मामा मागे दोन हातांच्या अंतरावर उभा होता.

"माझी," वाइल्डर म्हणाला.

बाईंनी वहीत लिहून घेतलं. जाहिरात पुढे खरंच आली. तिच्यात म्हातारे होते, गाडी होती, कासवं होती. गाणं काढून टाकलं होतं. त्याजागी बासरी होती.

बाई गेल्यावर मामा फळ्यांवर चढला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बाजारात शिळी मासळी बघताना असतो तसा तो चेहरा होता.

"ऊठ," तो म्हणाला. "तुझ्या अर्ध्यावर बसलायस."

वाइल्डर उठला. मामाने जुडीला हात लावला नाही. तो पायऱ्या उतरून चालायला लागला. थोडा वेळ वाट बघून, आजूबाजूला कुणी नाही अशी खात्री करून, वाइल्डरने गिटार फळीवर ठेवली आणि जुडी खांद्यावर घेतली. ती त्याला वाटली होती त्याच्या चौपट जड होती.

संध्याकाळपर्यंत म्हाताऱ्यांनी मुळं कापून वेगळी केली. वरचं कोवळं हिरवं लव्हाळं वाळूवर पसरलं. त्याचा घोडा होणार नव्हता. फार तर शिंगरू. वाइल्डर गुडघाभर चिखलात उभा होता आणि त्याला कुणी काही सांगत नव्हतं. शेवटी दोमितिलाला राहवलं नाही.

"अरे मेल्या, खोचतोयस काय, फुलदाणी आहे का? आडवं ठेव. अंगठ्याने दाब. हां. आता पुढचं."

त्याने पुढचं दाबलं. त्याच्या पुढचंही दाबलं. दहा-बारा झाल्यावर नकळत तो गुणगुणायला लागला.

"गाऊ नकोस," मामा पलीकडच्या खड्ड्यातून म्हणाला. "ती अजून जिवंत आहेत."

चारही म्हातारे हसले. वाइल्डरही हसला. इतरांच्या जरा नंतर.

"किती दिवसांनी येईल हे?" त्याने विचारलं.

"निम्मी कुजतील. जी जगतील त्यांना पुढचा सान पेद्रो उजाडेल."

"आणि तोवर तुझा घोडा?"

मामाने टोपली उचलली. तो पुढच्या खड्ड्याकडे सरकला.

रविवारी सकाळी गाव चर्चमध्ये मिस्साला गेलं होतं. मामा गेला नव्हता. त्याचं म्हणणं, सान पेद्रो स्वतः कोळी होता, त्याला कळतं. त्याने भिंतीला टेकवलेला जुना घोडा खाली घेतला. रात्रभर उभा ठेवूनही त्यातून पाणी निथळत होतं. मामाने तो ओढत पाण्यात नेला, मांड टाकली, आणि घोडा निमूटपणे खाली गेला. कमर गेली, पोट गेलं. छातीपर्यंत पाणी आलं तेव्हा तो थांबला. मामाने बांबूचं वल्हं उचललं. किनाऱ्यावरून घोडा दिसतच नव्हता. समुद्रात कुणीतरी खुर्ची टाकून ताठ बसलंय आणि खुर्ची हळूहळू पुढे चाललीय, एवढंच दिसत होतं.

वाइल्डर तळ्यात होता. रात्रभर पाण्यात ठेवलेली त्याच्या अर्ध्यातली टोपलीभर मुळं उरली होती. वाळूच्या उंचवट्यावरून त्याला सगळा किनारा दिसत होता. लाट चांगली होती. कैक वर्षांत अशी आली नव्हती: लांब, डावीकडे उलगडत जाणारी, एकामागून एक.

पहिलीवरून मामा गेला. दुसरी त्याच्या डोक्यावरून गेली, आणि तो पलीकडे होता. तिसऱ्या लाटेआड टोपी दिसेनाशी झाली.

वाइल्डर चिखलात थांबून राहिला. हातातलं मूळ त्याने उलटं धरलं होतं.

टोपी वर आली. मग त्याने मूळ सुलटं केलं, आडवं ठेवलं आणि अंगठ्याने दाबलं.