भरतीचं पाणी

बाटली भरायला मी कायम भरतीलाच जाते. एकवीस वर्षं झाली. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमची लॅब आहे, समुद्राचं पाणी तपासणारी. किनाऱ्यावर जायचं, बाटली भरायची, बर्फाच्या डब्यात ठेवायची, फॉर्मवर सही करायची, एवढं माझं काम. भरतीलाच का? तर समुद्र आत आला की गटाराच्या नाल्याचं पाणी पार पातळ होतं आणि रिपोर्ट पास होतो. ओहोटीला गेलं की नापास. आणि नापास झाला की लागोपाठ तीन दिवस परत बाटल्या भरायला जा, त्याच उन्हात, त्याच घाणीत. कुणी दबाव आणला नाही हो. कंटाळा, दुसरं काय! आमचे चंद्रप्रकाश साहेब तर भरतीची वेळ स्वतःच फोनवर पाठवतात.

शनिवारी मी बांगडे साफ करत बसले होते, तर प्रांजल उड्या मारतच घरात शिरली. माझी लेक. लहान मुलांना पोहायला शिकवते.

"आई, तलाव दुरुस्तीला काढलाय ना, तर उद्यापासून पोरांना समुद्रावर नेतेय. पंधराच्या पंधरा! आईबाप आधी तयारच नव्हते. मग मी तुझ्या लॅबचा रिपोर्ट टाकला ग्रुपवर. पाणी पोहायला योग्य, नमुना घेणारी प्रेमा मेस्त्री. खटाखट हो आले सगळ्यांचे. कसली भारी आहेस यार तू!"

माझा हात थांबला. "किती वाजता?"

"सातला. उद्या तेव्हा ओहोटी आहे, पाणी उथळ. बारक्यांना बरं."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण पोर पहिल्यांदाच माझ्या कामावर एवढी खूश झालेली, आणि मी मेली गप्प बसले. ती आंघोळीला गेल्यावर साहेबांना फोन लावला. म्हटलं, तुम्ही तरी काहीतरी करा, उद्या पोरं पाण्यात उतरतायत. "मॅडम, आपण नियमाने रिपोर्ट दिलाय ना? मग झालं तर," म्हणाले आणि फोन ठेवला. मलाही राग आला नाही. इतकी वर्षं मीसुद्धा स्वतःला हेच सांगत आलेय.

रविवारी सकाळी किनाऱ्यावर पोचले तेव्हा समुद्र पार लांब गेला होता. नाल्याचं काळं पाणी वाळूतून सरळ वाहत पोरांच्या बाजूला चाललं होतं. वास तर विचारूच नका. सगळी टोप्या घालून ओळीत उभी, दोघंतिघं घोट्याएवढ्या पाण्यात गेलेली.

"प्रांजल, थांब गो! कुणाला पाण्यात सोडू नकोस. पाणी घाण आहे."

"आई, काय बोलतेस तू?"

शेजारीच धम्मपाल उभे होते, त्या पंधरातल्या संघमित्राचे बाबा. बँकेतला शांत माणूस. त्यांनी फोन काढून माझ्यापुढे धरला.

"ताई, पण ही सही तुमचीच ना?"

"माझीच."

"बुधवारची तारीख आहे. चार दिवसांत पाणी बिघडलं का?"

हो म्हटलं असतं तर सुटले असते. पाइप फुटला, काहीही सांगता आलं असतं. पोरं आज बाहेर राहिली असती, माझी अब्रूही राहिली असती. पण येत्या बुधवारी मी परत भरतीला बाटली भरणार, परत पास होणार, आणि रविवारी ही पोरं परत इथेच येणार. खोटं निस्तरत बसायचं त्राण आता नाही राहिलं माझ्यात.

"बिघडलं नाही," म्हटलं. "कधी चांगलं नव्हतंच. मी भरती बघून नमुना घेते. ओहोटीला घेतला असता तर कधीच पास झाला नसता."

धम्मपालनी संघमित्राला पाण्यातून उचललं, वाळूत बसवलं आणि टॉवेलने तिचे पाय पुसायला लागले. एकेक बोट वेगळं करून पुसत होते. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

प्रांजलने शिट्टी मारली. सगळी पोरं बाहेर आली. मग ती माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "लहानपणी मी किती रडायचे, मला समुद्रात जायचंय म्हणून. तू कधी पायसुद्धा भिजवू दिला नाहीस. म्हणायचीस, समुद्र ओढून नेतो."

"हो."

"म्हणजे स्वतःची पोर तेवढी बाहेर ठेवलीस."

ती गेली आणि पोरांच्या आईबापांची एकेकाची माफी मागायला लागली.