मशीनचं पुस्तक

कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका मसाल्याच्या कारखान्यात प्रेमिला भोयरनं बारा वर्षं पाऊच खोक्यांत भरले. हळद, तिखट, धने पावडर. तिथं पाऊच भरून बंद करणारी सहा मशीनं होती. मशीनच्या पुढं बायका बसायच्या. पाऊच खाली पडला की उचलायचा, शिवण तपासायची, खोक्यात लावायचा. मशीनमागं ऑपरेटर उभा राहायचा आणि तो नेहमी पुरुषच असायचा. असा लेखी नियम कुठंच नव्हता. कोणी विचारलं नव्हतं म्हणून नियमाची गरजच पडली नव्हती.

जानेवारीत फलकावर नोटीस लागली. मशीन ऑपरेटरच्या दोन जागा, कारखान्यातल्याच कामगारांतून भरणार. शिक्षण किमान दहावी. दोन महिन्यांनी लेखी, तोंडी आणि मशीनवरची परीक्षा. प्रेमिला बारावी पास होती. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून ती उत्पादन विभागाच्या सुमंत साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

"अर्ज करायला कोणाची ना नाही, भोयरबाई," साहेब म्हणाले. "पण मशीनची माहिती लागेल. ती आहे का?"

"बारा वर्सं झाली साहेब मशीनसमोर बसून."

"समोर बसणं वेगळं. आत काय चालतं ते पुस्तकात असतं."

"मंग पुस्तक द्या ना. वाचून पाहीन."

केबिनमध्ये आणखी दोन ऑपरेटर चहा पीत उभे होते. ते हसले. साहेबांनाही हसू आलं. "दोनशे पानांचं इंग्रजी पुस्तक आहे ते. तुम्ही काय करणार त्याचं? आणि कंपनीची कागदपत्रं मी अशी कोणाच्या हातात देत नसतो. कपाटात असतात ती."

प्रेमिलाचे कान तापले. परत जावं असं क्षणभर वाटलंही तिला. पण तिनं साहेबांच्याच टेबलावरचा पेन उचलला, तिथंच उभ्यानं अर्ज भरला, सही केली आणि कागद त्यांच्यापुढं सरकवला. "पुस्तक नाही देत तर नका देऊ," ती म्हणाली. "अर्ज तर घ्या."

ती राहायची प्रतापनगरच्या टोकाला, दोन खोल्यांत. नवरा चंद्रभान शाळेची व्हॅन चालवायचा. त्या संध्याकाळी स्वयंपाक उरकून ती मोबाइल घेऊन बसली आणि तिनं शोधायला सुरुवात केली: मसाला पॅकिंग मशीन पुस्तक फ्री. पुस्तक काही सापडलं नाही, पण एका पानावर मोबाइल नंबर मागितला तो तिनं भरला, आणि दुसऱ्या दिवसापासून मशीन विकणाऱ्यांचे फोन सुरू झाले. मॅडम, किती मशीन लागतील, जागा घेतली का?

"कारखाना टाकून राहिली का वं तू?" चंद्रभाननं विचारलं.

मग तिनं एका जागी भलंमोठं हिरवं बटण दाबलं, तर पुस्तकाऐवजी कसलंसं अॅप उतरलं आणि फोनवर उठता-बसता लॉटरीच्या जाहिराती नाचायला लागल्या. दुसऱ्या एका जागी पुस्तकाचं चित्र होतं, 'फ्री' असं ठळक लिहिलेलं होतं, आणि आत गेल्यावर बँकेच्या कार्डाचा नंबर मागत होते. तिनं फोन पालथा ठेवला.

"सोड ना," चंद्रभान म्हणाला. वाईट नव्हता तो. बायकोचा पडलेला चेहरा त्याला बघवत नव्हता. "कोनाले घ्यायचं ते त्यायनं पह्यलेच ठरवलं असंन."

"ठरवू द्या त्याइले. मी बी ठरवलं हाये."

घरापासून दोन गल्ल्या सोडून एक वाचनालय होतं. यमुताई नावाच्या निवृत्त गणिताच्या शिक्षिका ते चालवायच्या. रविवारी सकाळी तिथं स्पर्धापरीक्षेची मुलं माना खाली घालून बसलेली असायची. प्रेमिला इतकी वर्षं त्या खिडकीसमोरून भाजी घेऊन गेली होती, पण आत जायचं तिच्या कधी मनात आलं नव्हतं. त्या रविवारी ती चपला काढून आत गेली आणि सगळी हकिगत तिनं यमुताईंना सांगितली, केबिनमधल्या हसण्यासकट.

यमुताई हसल्या नाहीत. "मशीनला कंपनीचा पत्रा असतो ठोकलेला. त्यावर नंबर असतो. काय आहे?"

प्रेमिलाला माहीत नव्हतं. बारा वर्षं त्या मशीनसमोर काढली आणि पाठीमागचा पत्रा तिनं पाहिला नव्हता. पाहायला कोण जाऊ देत होतं? सोमवारी पाळी संपता संपता ती मशीनमागं गेली. ओढणीनं हळद पुसली, आणि खोक्याच्या फाटक्या पुठ्ठ्यावर पत्र्यावरची सगळी अक्षरं, सगळे आकडे उतरवून घेतले.

पुढच्या रविवारी यमुताईंनी वाचनालयातला जुना संगणक सुरू केला. "कुठलीही वस्तू शोधायची तर आधी जो बनवतो त्याच्या दारात जायचं," त्या म्हणाल्या. "मधल्यांकडं नाही. आणि जिथं फुकट म्हणून कार्डाचा नंबर मागतात, तिथून उठायचं. टाइप तू कर. मी नुसती बघते."

प्रेमिलानं एका बोटानं एकेक अक्षर दाबलं. मशीन बनवणाऱ्या कंपनीचं संकेतस्थळ उघडलं. तिथं ग्राहकांसाठी एक पान होतं, त्यात मशीनच्या नंबरांची यादी होती आणि यादीत तिचा नंबर होता. तिनं त्यावर टिचकी मारली. दोनशे चौदा पानांचं पुस्तक उतरलं. कोणी नाव विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही, बाई की पुरुष तेही विचारलं नाही.

यमुताईंना वाटलं, ही आता आनंदानं उडी मारेल. प्रेमिलाला रागच आला. "हे असंच उघडं पडलं होतं, ताई? कोनीबी घ्यावं असं?"

"असंच."

"अन् मले वाटे कपाटात सोनं ठेवलं हाये."

त्या दिवशी आणखीही सापडलं. आयटीआयची पुस्तकं सरकारनं फुकट ठेवलेली होती, हिंदीत, आकृत्यांसकट: हवेच्या दाबावर चालणारी यंत्रं कशी चालतात, सेन्सर म्हणजे काय. पॉलिटेक्निकच्या शिक्षकांची व्याख्यानं होती, थांबवून थांबवून ऐकता येण्यासारखी. यमुताईंनी सगळं तिच्या फोनवर घालून दिलं आणि ते लॉटरीवालं अॅपही काढून टाकलं.

आता प्रश्न इंग्रजीचा होता. कंपनीची बस सकाळी साडेसहाला निघायची आणि कळमेश्वरला पोचेपर्यंत तासभर लागायचा. त्या तासात प्रेमिला वाचायला लागली. शेजारी श्वेता लांजेवार बसायची, चोवीस वर्षांची, लाइनवरची सगळ्यात लहान. एकेक परिच्छेद फोनला दाखवायचा आणि फोन त्याचं मराठी करून द्यायचा. पहिल्याच दिवशी फोननं सांगितलं, 'मशीन सुरू करण्यापूर्वी चित्रपट नीट ताणलेला असल्याची खात्री करा.'

"कोनता चित्रपट वं?" श्वेतानं विचारलं.

दोघी कोड्यात पडल्या. पुढं होतं, 'चित्रपट संपल्यास मशीन आपोआप थांबते.' तेव्हा प्रेमिलाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "अवं, फिल्म! प्लास्टिकचा रोल!" दोघी इतक्या हसल्या की ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं. मग जबडा भेटला, 'जबडा गरम असताना हात घालू नये'. तो म्हणजे पाऊचची शिवण बंद करणारा जॉ. नट-बोल्टांतल्या नटांचे तर फोननं काजू करून टाकले होते.

प्रेमिलानं वही केली. एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला कारखान्यात त्याला जे म्हणतात ते. हळूहळू बसमधल्या मागच्या सीटवरच्या बायका पुढं सरकल्या. त्यांना पुस्तकातलं इंग्रजी येत नव्हतं, पण मशीन कुठं कण्हतं, कधी शिवण सुटते, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पुस्तकात कारण असायचं आणि बायकांकडं दाखला. "म्हनून तिखटाच्या वेळी छपाई सरकते!" एक जण ओरडली. छपाईवरची खूण पाहणारा सेन्सर तिखटानं आंधळा होतो, आणि मग मशीन भलत्याच जागी कापतं. सहा वर्षं त्या वाया गेलेल्या पाऊचबद्दल बोलणी हिनंच खाल्ली होती.

परीक्षेला पंधरा दिवस उरले असताना साहेबांचं बोलावणं आलं. केबिनमध्ये कारखान्याचे व्यवस्थापक मधुसूदन सरही बसले होते.

"भोयरबाई, बसमध्ये तुम्ही आमचं मॅन्युअल वाचता असं कानावर आलंय," सुमंत साहेब म्हणाले. "कपाटाची किल्ली माझ्याकडं. मग फोटो कोणी काढून दिले?"

"कोनीच नाही."

"हे बघा, कंपनीची कागदपत्रं बाहेर नेणं म्हणजे चोरी. मी अजून लेखी काही केलेलं नाही. फोनमधून काढून टाका, आत्ता, माझ्यासमोर. विषय संपला."

नोकरी जाईल, हा विचार प्रेमिलाच्या मनात आला. पण चोरी हा शब्द तिच्या घशाखाली उतरेना.

"नाही काढत," ती म्हणाली.

"काय?"

"नाही काढत म्हणते, साहेब. मी चोरी नाही केली. तुमच्याच कम्प्युटरवर मशीनचा नंबर टाका. मी सांगते कुठी जायचं ते." आणि तिनं सगळा नंबर तोंडपाठ म्हणून दाखवला.

सुमंत साहेब जागचे हलले नाहीत. मधुसूदन सरांनीच कीबोर्ड ओढला. ती सांगत गेली, ते दाबत गेले. पडद्यावर पुस्तक उघडलं. सरांनी पहिलं पान पाहिलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "सुमंत, कपाटातली प्रत काढा जरा."

कपाटातली प्रत तेरा वर्षांपूर्वीची होती. संकेतस्थळावरची सुधारलेली होती.

"सर, सत्त्याहत्तराव्या पानावर हाये," प्रेमिला म्हणाली. "बारीक पावडर असंन तर सेन्सर दर पाळीले पुसाचा. आपल्या इथं हप्त्यातून एकदा पुसतात. जुन्यात काय लिव्हलं हाये ते पाहा."

जुन्यात आठवड्यातून एकदा असं होतं. सुमंत साहेबांचा चेहरा उतरला होता आणि प्रेमिलाला त्याचं वाईट वाटलं नाही. ती नमस्कार करून लाइनवर परत गेली. त्या दिवशी तिच्या वाटचं खोकं श्वेतानं उचललं.

लेखी परीक्षा तिला सोपी गेली. तोंडीला विचारलेल्या अकरा प्रश्नांतल्या नवांची उत्तरं तिनं दिली. मशीनवर मात्र अडली. फिल्म रोलवरून ओढून, तिला नळीसारखी वळवणाऱ्या मशीनच्या गळ्यातून खाली घ्यायची होती. वाचलेलं सगळं आठवत होतं, पण बोटांना ते ठाऊक नव्हतं. तिला कधी हात लावू दिलेलाच नव्हता. पहिल्यांदा फिल्म चुरगाळली. एक ऑपरेटर खोकला. तिनं चुरगाळलेला भाग कापून टाकला, पुन्हा ओढली, आणि दुसऱ्या वेळी ती सरळ उतरली.

आठवड्यानं निकाल लागला. एका जागेवर पियूष नावाचा आयटीआय झालेला तरुण. दुसऱ्या जागेपुढं लिहिलं होतं, योग्य उमेदवार नाही.

चंद्रभानला तिनं फोन केला. तो म्हणाला, "मी म्हनलं होतं ना. तू लय केलं वं, घरी ये."

"येते. पन मार्क पाहून येते."

तिनं साध्या कागदावर अर्ज लिहिला: माझे गुण दाखवावेत. तो घेऊन ती थेट मधुसूदन सरांकडं गेली. सरांनी फाइल मागवली. पास व्हायला साठ गुण लागत होते. तिला अडुसष्ट होते. शेवटच्या रकान्यात पेनानं एक शेरा होता: महिला असल्याने दुसऱ्या पाळीस अडचण.

प्रेमिलानं तो शेरा दोनदा वाचला. "सर, दुसऱ्या पाळीले येशीन का म्हनून मले कोनी विचारलं?"

सरांनी फाइलचं पान उलटून पाहिलं.

"कोनीच नाही विचारलं. तुमी आता विचारा."

"याल का?"

"येईन. बस घरापर्यंत सोडंन असं लिहून द्या, अन् मी बी लिहून देते. बस तर पियूषलेबी लागंन."

सरांनी शेऱ्यावर रेघ मारली आणि खाली सही केली. एप्रिलच्या पहिल्या तारखेपासून प्रेमिला चार नंबरच्या मशीनमागं उभी राहिली, तीन महिन्यांच्या चाचणी मुदतीवर. पहिल्या दिवशी तिचे बेचाळीस पाऊच वाया गेले. तिनं ते आकड्यासकट नोंदवले. तिसऱ्या आठवड्यात सहा वाया गेले, आणि बाकीच्या पाच मशीनांवर कोणाचेच इतके कमी नव्हते.

सुमंत साहेबांनी तिचं कौतुक वगैरे काही केलं नाही. कामापुरतं बोलायचे. मात्र नवी छापलेली प्रत आता लाइनवर दोरीनं बांधून ठेवली होती.

दिवाळीआधी पुन्हा नोटीस लागली, एका जागेची. या वेळी अर्जांच्या गठ्ठ्यात सात बायकांचे अर्ज होते. सगळ्यात वर श्वेताचा. सुमंत साहेब गठ्ठा हातात घेऊन चार नंबरजवळ आले आणि वैतागून म्हणाले, "सात जणींच्या तोंडी आणि मशीनवरच्या परीक्षा! अहो, पूर्ण दिवस जाईल माझा उभ्याउभ्या."

प्रेमिलानं फिल्मवरची नजर हलवली नाही.

"मंग खुर्ची घेऊन बसा ना, साहेब," ती म्हणाली.